पांढऱ्यावर पांढरी बोंडं

माझ्या खांद्यावरचा हा शेला मी कुणाला धुवायलासुद्धा देत नाही. भाच्या हसतात. "मावशी, टाक की आता ते बोंदर," म्हणतात. मी म्हणते, टाकू, पण आधी मला टाका.

पिवळा पडलाय, चार ठिकाणी सूत तुटलंय, कबूल. पण तो मिळवायला मला काय करावं लागलं ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आमचं गाव घाटनांदूरजवळ. घर खातंपितं, कुळीचा ताठा मोठा. माझं लग्न लागलं तेव्हा मी दहाची असेन. दोनच वर्षांत मानमोडीचा ताप आला आणि गावंच्या गावं निजवून गेला, त्यात माझा नवराही गेला. अंतरपाट सरला तेव्हा त्याचं तोंड एकदा पाहिलेलं, तेवढंच. मी सासरी नांदायलाही गेले नव्हते. तरी बांगड्या माझ्याच फुटल्या. आई ऊर बडवून रडली आणि रडणं आवरल्यावर तिनंच मला रीत सांगितली. पांढरं नेसायचं. रंग नको, काठ नको, केसात फूल नको. लग्नकार्यात कुणाच्या म्होरं यायचं न्हाई. चुलीपुढं मात्र मी चालत होते. दोन पायल्यांच्या भाकरी बडवायला विधवेचा हात कुणाला बाटला नाही कधी.

आमच्या मागच्या गल्लीत करोडगिरीच्या नाक्यावरचा कारकून राहायचा. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. त्याची बायको पडद्यातली, घराबाहेर पडायची नाही. आम्ही तिला खाला म्हणायचो. तिच्याकडं ताक पोचवायचं काम माझं. ती दिवसभर नमाजाच्या टोप्या विणत बसलेली असे, पुढं आकडा असलेल्या एका सुईनं, पांढऱ्या सुतात. तिला बाहेर जायची बंदी, मला पुढं यायची. आमचं जमलं यात नवल ते काय.

मी तिच्या हाताकडं टक लावून बघायची. एक दिवस ती म्हणाली, "नुस्ती देखती क्या? सुई ला, सिखाती मैं."

सुई कुठून आणणार? अप्पांची, माझ्या वडलांची, जुनी छत्री माळ्यावर होती. तिची एक काडी मोडली, टोक दगडावर घासून वाकवलं, झाली सुई. चार दिवस बोटं सोलली. साखळीचा टाका आला, मग खांबाचा आला. एकदा मी खालाला म्हणाले, "एवढं शिकून काय उपेग? मला ना रंग चालतो, ना फूल."

खालानं माझ्या हातातलं काम काढून घेतलं. "रंग मना किये ना तेरेकू? उभार का तो कोई कुछ बोल्या नै." आणि तिनं मला बोंड शिकवलं.

एकाच भोकात पाच खांब घालायचे, पण एकही पुरा करायचा नाही. प्रत्येकाचा शेवटचा वेढा सुईवर तसाच ठेवायचा. पाच झाले की सूत घेऊन सगळ्यांतून एका दमात ओढायचं. की टरारून कापसाच्या बोंडासारखा गोळा उठतो. गंमत अशी, की तो आपल्या बाजूला उठत नाही, पलीकडं उठतो. विणणारीला सपाट पाठच दिसते. बोटानं पलीकडं चाचपत जायचं.

एक अख्खा हिवाळा मी विणत होते. खालाचा नवरा मोमिनाबादच्या बाजारातून तिच्यासाठी सूत आणायचा, त्यातलं ती मला द्यायची. पाच-पाच बोंडांचं एक फूल, फुलांच्या ओळी, कडेला वेल. सगळं पांढऱ्यावर पांढरं. लांबून बघाल तर साधा शेला. हात फिरवा, मग कळायचं. अंगावर घेऊन मी आईपुढं उभी राहिले, तेव्हा तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला बोलायला जागाच नव्हती. एकही रंग नव्हता ना त्यात. पण तिचे डोळे फुलांवर खिळले, ते मी पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी तेव्हा अठराची, ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, शेंडेफळ, हाताला सुईचा स्पर्श नाही. रुखवतात नवरीच्या हातचं काम मांडायची रीत. आईनं माझी ट्रंक उघडली आणि शेला घेतला.

"तो माझा हाय," मी म्हणाले.

"तुझा हाय, कोण न्हाई म्हणतंय. पण तिच्या रुखवतात शोभंल. तिच्या हातचा म्हणून ठेवू. तू काय करायचीस, तुला कुठं मिरवायचंय?"

"माझ्या हातचा म्हणून ठेव."

आई कळवळून म्हणाली, "येडी हायस का बाई? विधवेच्या हातचं रुखवतात ठेवलं तर लग्न मोडतील ते."

म्हणजे माझ्या हाताचं काम चालत होतं, हात चालत नव्हता. मला असा संताप आला, पण धाकटी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मी गप बसले. आजही त्या गप बसण्याचा मला राग येतो.

लग्नादिवशी मला कोठीत, धान्याच्या कणगीमागं बसवलं. अक्षता पडेपर्यंत तोंड दाखवायचं नाही. दाराच्या फटीतून रुखवत दिसत होतं. सांडगे, करंज्या, मण्यांचं तोरण आणि मधोमध माझा शेला. बघते तर काय, आईनं तो उलटा अंथरलेला. बोंडं खाली, सपाट पाठ वर. घाईत अंथरताना तिनं बाजू पाहिलीच नसणार. मला तिथंच हसू फुटलं.

वराकडच्या बायका आल्या. त्यांत नवऱ्या मुलाची आत्या होती, ठसठशीत बाई, विणकामातली जाणती. तिनं शेल्यावर हात फिरवला, थबकली, शेला उलटवला. बोंडं वर आली तशा बाकीच्या बायका पुढं वाकल्या.

"हा कुणी केला?"

"नवरीनं," आई म्हणाली.

"आन तिला सुलटी बाजू कळंना व्हय? कावून उलटा घातला मग?" आत्यानं धाकटीला पुढ्यात बसवलं. "एक बोंड करून दाव बाई. शिकीन तरी मी."

धाकटीचा चेहरा चुन्यासारखा झाला. सुई कुणाजवळच नव्हती. होती ती माझ्या कमरेला खोचलेली. आई कोठीच्या दारात आली. हात पुढं करून म्हणाली, "सुई दे लवकर."

मी म्हणाले, "सुई न्हाई मिळायची. मी येते."

"पाया पडते तुझ्या."

"तुझी लेकच हाय ना मी पण?" एवढं बोलून मी तिच्या बाजूनं बाहेर आले.

भर मांडवात पांढरं नेसून. बायकांनी पदर सावरले, एक-दोघी उठून गेल्या. मी आत्यासमोर मांडी घातली, कडेत दडवलेलं सुताचं टोक बरोबर ओढून काढलं, चार टाके उसवले आणि त्याच सुतात एक बोंड केलं. आत्या हरखून बघत होती. तिनं कामावरची नजर काढून माझ्या कपाळाकडं नेली ती नंतर.

"तू कोण गं?"

"हिची थोरली बहीण. शेला माझा हाय. नवरा मेलाय म्हणून मला कोठीत बसवलंय आन् शेल्याला बाहेर."

आत्यानं शेला आपल्या मांडीवरून उचलला आणि खाली चटईवर ठेवला. हळूच ठेवला, पण ठेवला. एवढी जाणती बाई, तीसुद्धा. मग कुणीच त्याला हात लावीना. रुखवतात परत ठेवायलाही कुणी तयार होईना.

आणि म्हणूनच तो मला मिळाला. मी उचलला, बोंडं वर करून खांद्यावर घेतला.

आई दात आवळून म्हणाली, "काढ तो."

"पांढराच हाय. तूच सांगितलंस पांढरं नेस म्हणून."

लग्न मोडलं नाही. अक्षता वेळेवर पडल्या. मी त्या शेल्यासकट मांडवाच्या कडेला उभी राहून टाकल्या, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

पाठवणीच्या आधी धाकटी माझ्यापाशी आली. "अक्का, शेला दे मला. तुझ्या हातचा म्हणून सांगून नेते."

जीव तुटला, पण दिला नाही. "हा माझा. तुझा तू कर." कमरेची सुई काढून तिच्या मुठीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी अप्पांच्या छत्रीची आणखी एक काडी मोडली.

पहिल्या माहेरपणात मी तिला बोंडापर्यंत शिकवलं. पुढच्या वर्षी पंचमीला ती पुन्हा माहेराला आली. अंगावर शेला, चांगला हिरवागार. आई, शेजारणी, सगळ्या भोवती जमल्या. कुणीतरी विचारलं, कुणी शिकवला एवढा नादर नमुना?

"अक्कानं," ती खणखणीत म्हणाली. "सासरी बी सगळ्यांला हेच सांगते. आत्याबाई माझ्याकडून शिकायलेत आता."

आईनं मान खाली घातली. माझे डोळे भरले होते, पण एवढ्या बायकांसमोर कशाला दाखवू? मी धाकटीच्या खांद्यावरचा शेला ओढून घेतला आणि त्यावरून हात फिरवत गेले. अर्धी बोंडं उलट्या बाजूला आलेली.

"उसव हे सगळं," मी म्हणाले. "माझं नाव सांगतीस ना, मग नीट कर."