आजारपणाचे पेढे

परळच्या प्रयोगशाळेत रुचा मेस्त्री बशीत मोहरीएवढी फुफ्फुसं वाढवते. त्यांत रक्तातल्या लढाऊ पेशी सोडायच्या, मग विषाणू, आणि सूज कशी चढते ते बघायचं, म्हणजे पुढे त्या सुजेवर औषधं तपासता येतात. पण त्या हट्टी पेशी वर्षभर आत शिरायलाच तयार नव्हत्या. भोईवाड्याच्या चाळीत सासूबाई रोज विचारायच्या, "पडली काय गो आजारी?"

काल पेशी शिरल्या, फुफ्फुसं छान सुजली. रुचाने फोनवर ओरडूनच सांगितलं.

संध्याकाळी ती घरी पोचली, तर सासूबाई दारोदार पेढे वाटत होत्या.

"कसले हो?" शेजारणीने विचारलं.

"सुनेची फुफ्फुसं आजारी पडली!"

शेजारणीचा पेढा हातातच राहिला.

"खा गो," सासूबाई म्हणाल्या, "बरी झाली की आणखी देतंय."