गाँग नसलेल्या गावातली पेटी

जावा बेटावरच्या आमच्या सुंबरगयाम गावाचा गाँग, म्हणजे चौकटीत टांगलेली काशाची भली थोरली थाळी, विकला गेला तेव्हा चावडीचे छप्पर गळत होते. विक्रीचे कारण म्हणून तेवढेच नोंदवले गेले. छप्पर आजही गळते. गाँग सुराबायातल्या एका हॉटेलच्या दर्शनी दालनात टांगलेला आहे. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात, आणि स्पर्श करू नये अशी पाटी त्याच्याखाली लावलेली आहे. जो गाँग चार पिढ्या हाताच्या स्पर्शानेच जागा होत आला, त्याच्याखाली ही पाटी! याविरुद्ध मी, गावच्या शाळेतल्या गुरुजीने, वरच्या कचेऱ्यांकडे तक्रारी केल्या. प्रत्येक तक्रारीची पोच मला अत्यंत सभ्य भाषेत मिळाली. पोचेपलीकडे काहीही मिळाले नाही.

परंतु हे लिखाण माझ्या तक्रारींविषयी नाही. आयुष्यभर तो गाँग ज्याच्या हातून वाजला, त्या लासिमूनविषयी आहे.

लासिमून कौलांच्या भट्टीवर माती मळतो. गामेलान या आमच्या काशाच्या वाद्यांच्या ताफ्यात त्याची जागा सर्वांच्या मागे असे. बाकीचे वादक घामाघूम होत आणि हा मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून बसून राही. आवर्तन पुरे झाले की कापड गुंडाळलेली मोगरी उचलून गाँगच्या पोटाला एकदा लावी. त्या एका ठोक्यावाचून आवर्तन संपत नसे. गाँगचे नाव क्याई उदान आरुम; 'क्याई' हा वडीलधाऱ्याचा मान. दर गुरुवारी तिन्हीसांजेला लासिमून त्याच्यापुढे फुले ठेवी, उदबत्ती लावी.

"सगळ्यात सोपी नोकरी तुझी, कांग," ताफ्यातले लोक त्याला दादा या अर्थी 'कांग' म्हणत चिडवत. "जेवणाच्या वेळी उठवू ना?"

"जेवायला नको. संपताना उठवा," तो म्हणे.

त्याची बायको बू पाइनेम याच्याही पुढे जाऊन सांगे, "घरात पण हेच. सगळं भांडण मी भांडायचं, आणि हे शेवटी एक 'हं' म्हणणार. की संपलं!"

विक्रीचा विषय सभेपुढे आला त्या दिवशी मात्र लासिमून आपणहून उभा राहिला होता. "पाक लुराह, छपराची कौलं मी भाजून देतो. गाँग राहू द्या."

"कौलं तुझी, गाँग तुझा," आमचे गावप्रमुख, म्हणजे लुराह, हसत म्हणाले, "मग लुराह पण तूच हो की!" सभा हसली. लासिमून खाली बसला. पुढल्या आठवड्यात गाँग गेला आणि त्याची लाकडी चौकट मोडक्या खुर्च्यांबरोबर अडगळीत पडली.

त्यानंतर त्याच्याजवळ उरली ती एक जुनी कॅसेट. मेव्हण्याने कोणा नातलगाच्या लग्नात ताफ्याचे वादन भरून घेतले होते. खेळ सुरू होण्यापूर्वी लासिमून गाँगला एकटाच एक हलका ठोका देत असे, त्याला जागे करण्यासाठी. तो ठोका कॅसेटच्या अगदी आरंभी आलेला होता. घरच्या टेपवर तो लावला की ताटलीवर चमचा पडावा तसा आवाज होई, त्याहून अधिक काही नाही. लासिमून कान टेपला चिकटवून बसे.

"त्यात नाहीये ते," बू पाइनेम म्हणे. "असतं तर ऐकू आलं असतं."

"आहे. याचा गळा लहान पडतो," तो म्हणे.

मोठा गळा कास्नानकडे होता. मिरवणुकीच्या ट्रकवर स्पीकरच्या भिंतीएवढ्या पेट्या रचून अख्ख्या गावाच्या खिडक्या थरथरवण्याचा धंदा हा इसम करतो. त्याच्याविरुद्धही मी तक्रार केलेली आहे. पण न्यायाने सांगायचे तर, त्यानेच आपला एक जळालेला अठरा इंची स्पीकर लासिमूनला दिला, त्याच्या गुंडाळीवर नवी तार चढवून दिली, आणि पेटीसाठी जाड प्लायवूड आणायला सांगितले.

लासिमूनने फणसाचे लाकूड आणले. गामेलानच्या चौकटी फणसाच्याच असतात; क्याई उदान आरुमच्या आवाजाला प्लायवूडच्या फळीत कोंडणे त्याला अभद्र वाटले.

"अरे कांग, खरं लाकूड श्वास घेतं," कास्नान कपाळाला हात लावून म्हणाला. "ऊन पडलं की आक्रसेल, सांधे उघडतील. आतली हवा सांध्यातून फुसकन गेली तर कसला आवाज नि कसलं काय!"

"बघू," लासिमून म्हणाला.

त्याने पेटी जोडली. आतल्या बाजूंना सावरीचा कापूस लावला. पुढच्या फळीत भोक पाडून विहिरीच्या पंपाचा जुना नळ आत बसवला. नळ लांब असला की पेटी फार खाली घुमते, तोकडा केला की वर चढते; एकदा कापलेले परत जोडता येत नाही. म्हणून तो बोटाच्या पेराएवढे कापी, पेटीवर पोट टेकवी, कॅसेट लावी आणि मान हलवी. त्याला गाँग कानापेक्षा पोटाने अधिक ओळखू येत होता.

व्हायचे तेच झाले. सांधे उघडले. ठोक्याच्या जागी पेटी सापासारखी फुत्कारू लागली. भेग डोळ्यांना दिसेना, तेव्हा कास्नानने युक्ती सांगितली: उदबत्ती पेटवून सांध्यांवरून फिरवायची, जिथे धूर उडेल तिथे गळती. लासिमूनने ते काम भट्टीवरून परतल्यावर, अंगणात केले. तो गुरुवार होता आणि तिन्हीसांज होती. कुंपणापलीकडून जाणाऱ्या बायकांनी पाहिले ते एवढेच, की लासिमून एका पेटीभोवती उदबत्ती ओवाळतो आहे.

दुसऱ्या दिवशी बाजारात एकच बातमी होती: क्याई उदान आरुम हॉटेलातून उठून लासिमूनच्या पेटीत आला.

लाकडाचा भुसा सरसात कालवून सांधे बुजवल्यावर त्याने मला बोलावले. आम्ही तिघे जमिनीवर बसलो. त्याने कॅसेट लावली. प्रथम काहीच ऐकू आले नाही. मग चुलीवरचे झाकण खुळखुळले, मग फडताळातल्या बशा, आणि त्यानंतर जमिनीतून, मांडीतून, बरगड्यांतून तो आवाज वर आला; लाटेमागून लाट येत राहिली, प्रत्येक लाट आधीच्या लाटेहून किंचित दूरची. कॅसेटमध्ये तो इतकी वर्षे होताच.

"माझ्या बशा फुटल्या तर केळीच्या पानावर वाढीन तुम्हाला," बू पाइनेम म्हणाली. मग ती हळूच म्हणाली, "आला."

बाजारातली बातमी लुराहांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते स्वतः लासिमूनच्या घरी गेले. गावशुद्धीचा विधी जवळ आला होता. गाँगवाचून वायांगचा, म्हणजे बाहुल्यांचा, खेळ करायला कोणताच दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा सूत्रधार, तयार नव्हता, आणि गाँग कुठे गेला हा प्रश्न दरवर्षी विधीच्या सुमारासच वर येत असे. ही पेटी चावडीत मांडली की प्रश्न मिटला! लासिमूनने एकच अट घातली: गाँगची रिकामी चौकट अडगळीतून काढून तिच्या मूळ जागी उभी करायची. लुराहांनी ती आनंदाने मान्य केली.

मी त्याच संध्याकाळी लासिमूनला गाठले. "कांग, ही पेटी चावडीत गेली की गाँग कायमचा गेला. माझ्या अर्जावर लिहून येईल, गावाला गाँग आहे. तू नाही म्हण."

"पाक गुरू," तो म्हणाला, "तुमच्या अर्जावर सही कोणाची असते?"

"माझी."

"दुसऱ्या कोणाची का नसते? लोकांना विचारा, गाँग कसा वाजायचा. विसरले. नव्या पोरांना तर कास्नानच्या गाडीची धडधड म्हणजेच गाँग वाटतो. वाजू दे एकदा."

"म्हणजे तू वाजवणार?"

"वाजवणार."

समोर ठेवलेली कॉफी न पिता मी निघून आलो.

विधीच्या दिवशी चावडी दुपारीच भरली. लुराहांनी भाषण केले. "जुना गाँग हलवायला सहा माणसं लागायची. हा बघा, एका बोटाने वाजतो! आमच्या लासिमूनने गावाची अब्रू राखली." मग त्यांनी स्वतःच्या हातांनी पेटीला मोगऱ्याची माळ घातली आणि पुढे उदबत्ती लावली. लासिमून रिकाम्या चौकटीपुढे मांडी घालून बसला होता, हातात मोगरी. तो एकटा ठोका कास्नानने कॅसेटवरून मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. लासिमूनच्या खुणेसरशी त्याने बोट दाबायचे होते.

वादन सुरू झाले. पहिले आवर्तन पुरे होत आले. लासिमूनने मान हलवली.

चावडीच्या खांबांतून तो आवाज गेला. गप्पा मारणारे थांबले. एका म्हाताऱ्याने जमिनीवर तळवा टेकवला आणि तो उचललाच नाही. लुराह समाधानाने सगळीकडे पाहत होते.

शेवटची लाट विरली तेव्हा लासिमून उठला. त्याने पेटीची तार ओढून काढली, माळ उतरवली, उदबत्ती उचलली आणि दोन्ही गोष्टी रिकाम्या चौकटीखाली ठेवल्या.

"अरे, काय झालं? बिघडलं का?" लुराह अर्धवट उठले.

"नाही, पाक लुराह. पेटी चांगली आहे. फुलं चुकीच्या जागी होती."

"आणि आवाज?"

"आवाजपण."

तो परत आपल्या जागी बसला. ढोलकवाल्याने वादन थांबवले नव्हते. दुसरे आवर्तन संपत आले. लासिमूनने मोगरी उचलली, जिथे गाँगचे पोट असायचे तिथपर्यंत नेली आणि हवेतच थांबवली. काही वाजले नाही. पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि खाली काही नसावे, तसे सगळ्या चावडीला झाले. तिसऱ्या आवर्तनाला तेच. चौथ्याला तेच. मोगरी प्रत्येक वेळी नेमकी वेळेवर उठत होती.

"अरे वाजव की, कांग!" मागून कोणीतरी न राहवून ओरडले.

लासिमूनने मान वळवली नाही. "कुठाय?" त्याने विचारले.

त्यानंतर चावडीतली तोंडे एकेक करून लुराहांकडे वळली. लुराह छपराकडे पाहू लागले. दालांगने बाहुल्या उचलल्या आणि तो खेळ दिवस मावळेपर्यंत तसाच, शेवट नसलेल्या आवर्तनांनी चालला. एकही माणूस उठून गेला नाही.

गाँग अजून परत आलेला नाही, आणि येईल असे सांगण्याइतका मी भाबडा नाही. परंतु दर गुरुवारी रिकाम्या चौकटीखाली फुले दिसतात. ती कोण ठेवते हे विचारायचे धाडस लुराहांना होत नाही, आणि कचेरीत जाण्यासाठी त्यांना त्या फुलांवरूनच वळसा घ्यावा लागतो. माझ्या ताज्या अर्जावर सह्यांना जागा पुरली नाही. अंगठे मागच्या बाजूला घ्यावे लागले. कास्नानचा अंगठा त्यात आहे.

पेटी लासिमूनच्या घरी आहे. या उन्हाळ्यात तिचे सांधे पुन्हा उघडले आणि त्याने ते बुजवले नाहीत. बू पाइनेम तिच्यावर तांदळाची टोपली ठेवते. मी एकदा भीत भीत म्हणालो, "कांग, बुजव ना. एकदा ऐकू दे मला."

त्याने पेटीवरची टोपली जरा सरळ केली.

"नको, पाक गुरू," तो म्हणाला. "सवय लागेल."