पुस्तिकेतून गाळलेली ओळ

एआय एजंटांनी कंपनीतल्या लोकांना चॅट-ग्रुपची निमंत्रणं कशी पाठवायची, याची माहितीपुस्तिका मी लिहिली. नोकरी सुटलेल्यांची नावं निमंत्रणं पाठवणारं टूल आपणहून वगळत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी कंटाळा करून तसं सांगणारी ओळ मी गाळली.

सातपूरच्या एका कारखान्यात, कामावरून काढलेल्या एकाला सकाळच्या पाळीच्या ग्रुपचं निमंत्रण गेलं. तो डबा घेऊन गेटवर आला. टूल कसं चालतंय ते बघायला आलेला मी तिथेच होतो.

"साहेब, परत घेतलं ना?"

"मशीनची चूक आहे," मी म्हणालो.

"मशीनची? गल्लीत पेढे वाटून आलोय मी. बायको म्हणेल, थापा मारल्या."

पुस्तिका दुसऱ्याच दिवशी सुधारली. त्याच्या घरी जायला मात्र वर्ष लागलं. परवा गेलो आणि स्पष्ट सांगितलं, "वहिनी, हे खोटं बोलले नव्हते. चूक माझी होती."

तिने माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं.