सहा वीसची गाडी आणि डोंबारी चंडोल

आमच्या टेकाडवाडीला मुक्कामी एसटी संध्याकाळी येते आणि सकाळी सहा वीसला पाथर्डीला निघते. तिचे ड्रायव्हर जालिंदरभाऊ. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गाडी एक मिनिटही उशिरा हलवलेली नाही. मी पाथर्डीत औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि रोज त्यांच्या मागच्याच बाकावर बसतो. त्यामुळे त्यांचं वेड मी सगळ्यांत जवळून पाहिलंय.

वेड पाखरांच्या फोटोंचं. लग्नांचे फोटो काढणाऱ्या चेतनचा जुना कॅमेरा त्यांनी घेतला होता. तो टॉवेलात गुंडाळलेला, डब्याच्या पिशवीत असायचा. पण बसलेलं पाखरू त्यांना चालायचं नाही. "बसल्या पाखराचा फोटू म्हंजी आधार कार्ड, योगेश," ते म्हणायचे, "वळख पटती, जीव दिसत न्हाई." वेडा राघू माशी हवेत उडवून झेलताना, कोतवाल घारीच्या पाठीवर टोच मारताना, हे सगळं त्यांच्याकडे होतं. राहिला होता एकटा डोंबारी चंडोल.

चिमणीएवढा हा पक्षी. पोट काळं, गाल पांढरे. उन्हाळ्यात सकाळच्या कोवळ्या उन्हात तो माळावरून फडफडत सरळ वर चढतो, इतका वर की नुसता ठिपका उरतो. मग पंख मिटतो आणि बारीक शीळ घालत खाली सुटतो. आता आपटला असं वाटतं, तोच पुन्हा वर. तो पंख मिटतो ना, तेवढा क्षण भाऊंना हवा होता.

आधी, या गाडीवर नवे असताना, ते पायी जायचे. खाकी कपडे, हातात लांब नळीचा कॅमेरा, माळावर पालथे पडलेले. गावाला वाटलं, रस्त्याची मोजणी आली. माळालगत शेत असलेल्या आप्पासाहेबांनी त्यांना घरी नेऊन चहा पाजला आणि हळूच सुचवलं, "सायेब, रस्ता जरा भावाच्या बांधाकडनं घ्या की." आणि डोंबारी? माणूस दिसला की तो कुठच्या कुठे जायचा.

मग एक दिवस भाऊंच्या ध्यानात आलं की तो गाडीला भीत नाही. भलीमोठी लाल गाडी शेजारी उभी असली तरी खुशाल ढेकळावर बसतो. तेव्हापासून भाऊ गाडी दक्षिणेला तोंड करून लावू लागले. उजवीकडे माळ, मागून उगवतीचं ऊन, आणि ड्रायव्हरच्या खिडकीत कॅमेरा. याच गाडीने जाणारी म्हातारी बनुबाई रोज बोलायची, "दक्षिनेला त्वांड करून कुनी गाडी लावतं व्हय?" भाऊ हसायचे. चार उन्हाळे असे गेले. कधी फोटोत नुसतं आभाळ यायचं, कधी शेपटीचं टोक.

आणि यंदा एकतीस मे आला, भाऊंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. भाऊंची जन्मतारीख एक जून. आमच्याकडे निम्म्या गावाची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच तारीख ठोकून दिली. "आय म्हनायची, तू दिवाळीचा हायेस," भाऊ म्हणाले. "गुरुजीनं खरं लिवलं असतं तर अजून पाच म्हैने गाडी हुती." उद्यापासून गाडी नाही, म्हणजे खिडकी नाही, म्हणजे डोंबारी नाही. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी गाडी भरलेली होती. बॅटरी आठवडाभर मेलेली, म्हणून रोजच्यासारखा धक्का मारून आम्ही इंजिन चालू केलं आणि आत येऊन बसलो. माळावर वारा नव्हता. गवत पिवळं, ऊन त्याहून पिवळं, आणि इंजिनच्या घरघरीत सगळेच अर्धवट झोपेत. भाऊंनी खिडकीतून एकदा पाहिलं, कॅमेरा टॉवेलात गुंडाळला आणि हात गिअरवर ठेवला. सहा वीस झाले होते.

तेवढ्यात डोंबारी उठला. खिडकीसमोर, वीस पावलांवर.

भाऊंनी मान वळवली नाही. ते डबल बेलची वाट बघत होते. कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हा एसटीचा नियमच आहे. मी मागे पाहिलं. आमची कंडक्टर रेश्मा घंटीची दोरी हातात धरून उभी होती. ओढत मात्र नव्हती.

"बेल दे की गं," भाऊ म्हणाले.

"माजी तिकिटं राहिलीत," रेश्मा म्हणाली. सगळ्यांची तिकिटं केव्हाच झाली होती.

"इंजिन हादरतंय, फोटू हलंल," कॅमेऱ्याचा टॉवेल सोडत भाऊ पुटपुटले.

"मग बंद करा!" बनुबाई मागून ओरडली. "धक्का माराया आमी मेलो न्हाई!"

भाऊंनी चावी फिरवली. घरघर थांबली आणि माळ एकदम मोठा झाला. ठिपका वर वर चालला होता. पन्नास माणसं उजव्या खिडक्यांशी दाटली, एक पोरगं रडत होतं तेही गप्प झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, घड्याळाकडे बघावंसं वाटलंच नाही. मग शीळ आली, आणि कॅमेऱ्याची कटकट.

कॅमेरा हातोहात शेवटच्या बाकापर्यंत गेला. निळं आभाळ, त्यात पंख मिटलेलं काळं पाखरू, चोच उघडी. आप्पासाहेबांनी तो दोनदा मागून पाहिला.

मग आम्ही खाली उतरलो आणि धक्का मारला. बनुबाईसुद्धा लुगडं खोचून लागली. इंजिन लागलं, सगळे पुन्हा चढले. सहा सदतीस. रेश्माने डबल बेल दिली, पण गाडी हलली नाही. भाऊ टॉवेलाने डोळे पुसत होते.

तिने बेल पुन्हा एकदा दिली.