आरामशीनचा आवाज

व्हिडिओबाई कॅमेरा घेऊन यायच्या, पण तो लगेच चालू करायच्या नाहीत. आधी बसायच्या. जे टिपायचं त्याच्यासमोर दोन-दोन दिवस नुसत्या बसून राहायच्या. कोणी हटकलं तर म्हणायच्या, "पाहू तर द्या जी. मीच नाही पाह्यलं तर कॅमेरा काय पाहीन?"

नागपूरच्या नंदनवन वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि सुट्टीत एका दुकानासाठी लग्नांचं शूटिंग करायच्या. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बाईमाणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन उभं राहिलं की लोक नवरदेवाला सोडून तिच्याकडेच बघायचे. एका लग्नाच्या कॅसेटमध्ये त्यांनी नवरीच्या आईला बराच वेळ टिपलं होतं. मांडवामागे, भल्यामोठ्या पातेल्याच्या कडेला हात टेकून ती एकटीच उभी होती. नवरीचे वडील दुकानात येऊन भडकले, "पोरीच्या लग्नात हे खरकटं काहून दाखवता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, लग्न तिथंही चालू होतं."

लग्नाच्या तिथी नसल्या की दुकानदार कॅमेरा त्यांना वापरायला द्यायचा. त्यातूनच लाकूड कापणाऱ्या आरामशीनची फिल्म झाली.

मी तेव्हा एका कलादालनात होतो. कोणती चित्रं लावायची, कुठं लावायची हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि दारावर 'अभिरक्षक' अशी पाटी होती. बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "म्हंजे राखणदार काय?"

"तसंच काहीसं."

"मंग हे राखा," म्हणत त्यांनी कापडी पिशवीतून कॅसेट काढली.

मी ती दालनातल्या टीव्हीवर लावली. लकडगंजातली आरामशीन. ओंडका आत जातो, फळ्या होऊन बाहेर येतो. तो ढकलणारे दोन हात आणि उडणारा भुसा. चाळीस मिनिटं एवढंच. आवाज मात्र नव्हता. मी उठून टीव्हीचं बटण पिळलं.

"बटण बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आवाज मीच ठेवला नाही."

नागपुरात तोवर व्हिडिओ म्हणजे लग्न, नाहीतर भाड्यानं आणलेला सिनेमा. त्याला कलाकृती म्हणून दालनात ठेवायचं, हे माझ्याही गळी उतरत नव्हतं. मी सुचवलं, "दहा मिनिटांची करा. मागे सतार टाकू. लोक उठून जातील हो."

"जाऊ द्या. आमचे हे वीस वर्षं नाही उठले तिथून."

मग कळलं, ते हात त्यांच्या यजमानांचे होते. मशिनीपाशी उभं राहून त्यांचे कान हळूहळू गेले होते. "सगळ्यात आधी माझा आवाज गेला म्हणतात हे," बाई म्हणाल्या. "बाईचा आवाज बारीक असते ना, तो आधी जाते. सतार टाकली तर तुमाले बरं वाटीन, पण मंग ते ह्यांचं राहणार नाही."

सतारीचा विषय मी सोडून दिला.

दालनाच्या समितीत मी फिल्मची बाजू मांडली. "बिघडलेला टीव्ही दाखवायचा का?" असं एकानं विचारलंच. शेवटी जिन्याजवळची लहान खोली मिळाली. प्रदर्शन सुरू झालं. लोक यायचे, बटण पिळायचे, टीव्हीवर थाप मारायचे आणि निघून जायचे. मी वैतागून पाटी लावायला निघालो, 'आवाज मुद्दाम ठेवलेला नाही'.

"नका लावू," बाई म्हणाल्या. "पिळू द्या. तेवढा वेळ तरी त्यायलेही ऐकू येत नाही."

रविवारी यजमान आले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. ते पुढच्याच खुर्चीवर बसले. मागे दहाएक माणसं होती, त्यांची नेहमीची चुळबुळ चालू होती. मध्येच एक जाड ओंडका आला. यजमानांचा उजवा खांदा आपोआप पुढे झुकला, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं ओरडले, "गाठ आली! ऐका, कशी किंचाळून राहिली!"

मागची चुळबुळ थांबली. पडद्यावर आरी त्या गाठीत शिरत होती. त्यानंतर कोणी बटणाकडे हात नेला नाही, आणि फिल्म संपेपर्यंत कोणी उठलंही नाही. बाई भिंतीला टेकून लोकांचे चेहरे बघत होत्या.

चार वर्षांनी यजमान गेले. बाईंनी खोल्या सोडल्या आणि त्या वर्ध्याला बहिणीकडे राहायला गेल्या. एका हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. त्या अंगणात बसल्या होत्या, समोर तीन पायांच्या स्टँडवर दुकानातून विकत घेतलेला जुना कॅमेरा. शाळेची नोकरी सुटली होती, काम सुटलं नव्हतं.

"आता आवाज घेऊन राहिली मी," त्या म्हणाल्या. "ते होते तोवर त्यायच्या कानानं ऐकलं. आता माह्या कानाचं काय करू?"

त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि सकाळचं टिपलेलं लावलं. बहीण हापशीवर पाणी भरत होती. दांड्याची करकर, बादलीत पडणारी धार, बांगड्या. या सगळ्यांहून जवळ, अगदी कानाशी, एक संथ श्वास ऐकू येत होता.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"माहाच. कॅमेऱ्यामागून आला असंन." बाई जरा ओशाळल्या. "काढून टाकू काय?"

मी हेडफोन काढला नाही. "राहू द्या," म्हणालो, आणि पुढचं ऐकत बसलो.