दोन शरीफ पोरी

छत्तीसगढमधल्या जामुलच्या घरमालकीण काकूंना आम्ही दोघी फार आवडायचो. मी घरीच शाळेतल्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, ती एका खासगी दवाखान्यात नर्स. घरात बाप्या माणसाची ये-जा नाही, भांडणतंटा नाही. काकू शेजारणींना अभिमानानं सांगायच्या, "माह्याकडे दोन शरीफ पोरी रायतात."

दोन पुरुष असे राहिले असते तर गल्लीनं महिन्याभरात वास काढला असता. बाईच्या बाबतीत लोकांना पुरुषाशिवाय दुसरं काही सुचतच नाही. त्या न सुचण्याच्या आडोशाला आमचा संसार चार वर्षं चालला.

कोर्टानं आमच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता दिली नाही, त्या आठवड्यातली गोष्ट. काकू आमच्याच खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. ती नुकतीच ड्युटीवरून येऊन चहा पीत होती.

"बरं झालं कोर्टानं हाकललं," काकू म्हणाल्या. "बाया-बायांचं लगन म्हणे! असल्यायले गावाबाहेर काढाले पायजे."

असल्या बोलण्यावर आम्ही नेहमी मान हलवायचो. त्या दिवशी तिनं कप खाली ठेवला आणि आपल्या छत्तीसगढीत शांतपणे म्हणाली, "चाची, हमू मन वइसनेच हन." आम्हीपण तशाच आहोत.

काकू आधी हसल्या. मग त्यांची नजर आमच्या एकुलत्या पलंगावर गेली. दुपारी कितीदा तरी त्या तिथंच आडव्या व्हायच्या. त्या उठल्या, पदराला हात पुसत राहिल्या आणि मेथी तशीच टाकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या नळाचं पाणी बंद. शिकवणीची पोरं यायची थांबली. एका मुलीची आई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मैडम, मेरी लड़की को कुछ सिखा-विखा तो नहीं दिया?" मी ठाण्यात गेले. तिथला शिपाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "अब अपराध तो नहीं है, मैडम. लेकिन मकान तो उनका है ना." बाकीचे खी खी हसले.

मग काकूंनी माझ्या आईला फोन केला.

भाऊ तिला सेक्टर सहामधल्या आमच्या घरून स्कूटरवर घेऊन आला. माझी आई दर रविवारी विहारात लहान मुलांना पंचशील शिकवते. हिला ती 'बेटा' म्हणायची, हिच्यासाठी चिवडा करून पाठवायची. त्या दिवशी ती चपला न काढता अंगणातच उभी राहिली.

"काय पाजलं हिनं तुले?"

"काही नाही पाजलं, आई. मले ती आवडते. कॉलेजपासून."

"बापानं कारखान्याच्या भट्टीसमोर जलून शिकवलं तुले, ते ह्याच्यासाठी?"

"आई, हळू बोल," भाऊ म्हणाला. "लोकं ऐकून राहिले."

"ऐकू दे!"

माझंही डोकं फिरलं. "बाबा इकडे नवीन आले तवा आडनाव ऐकून लोकं दार लावत होते. तूच सांगत होती नं? आज कावून त्यायच्याच बाजूनं उभी हाय?"

तिनं माझ्या कानाखाली वाजवली. "ती आपली जात होती. ते आपल्या हातात नोतं. हे तुये थेर हायेत."

"हेही माह्या हातात नाही."

तिनं हात खाली घेतला. वाटलं, ऐकलं हिनं. पण ती वळली आणि भावाकडे बघून म्हणाली, "आजपासून मले एकच लेकरू हाय." काकूंनी तिला आत बोलावून पाणी दिलं. आमचा नळ कोरडाच होता.

आम्ही नंदिनी नगरकडे खोली घेतली. नव्या मालकाला काय सांगायचं यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिला पुन्हा खोटं नको होतं. शेवटी मीच सांगितलं, आम्ही मावसबहिणी आहोत म्हणून. ती मालकाकडे न बघता सामान उचलत राहिली.

भावाचं लग्न ठरल्याचं मला आतेबहिणीच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. बोलावणं नव्हतं. लग्नाच्या दिवशी मी साडीला इस्त्री केली. "नको जाऊ," ती म्हणाली, आणि मग स्वतःच तयार झाली.

हॉलमध्ये सगळ्यांनी हात जोडून वंदना म्हटली. आम्हीही म्हटली. आईनं आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवली. जेवणापाशी मामा आले. "आल्या त आल्या. जेवा अन् निघा. फोटोत येऊ नोका."

"चल ना," ती हळूच म्हणाली.

"जेवून जाऊ."

आम्ही बसलो तशी शेजारची माणसं ताटं घेऊन उठली. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आम्ही त्यांच्यावर आमच्या पर्स ठेवल्या आणि सावकाश, पोटभर जेवलो.