पाद्री वेंडेल यांचा पालथा दगड

दिनांक १४ मे २०१६, शनिवार. जर्मनीतल्या येना शहराजवळच्या एका लहान गावाच्या दफनभूमीत पाद्री गॉटहोल्ड वेंडेल यांच्या थडग्यावरचा दगड आडवा केलेला आढळला, आणि तोही अक्षरांची बाजू मातीत. दगडाच्या पाठीवर पिवळी चिठ्ठी होती : ‘कोसळण्याचा धोका.’ या थडग्याची देखभाल स्वखुशीने पत्करणारे सुधीर उजागरे यांना कोणी कळवण्याची तसदी घेतली नव्हती. ज्यांच्यामुळे दगड ढिला झाला, त्यांनी ते आजतागायत मान्य केलेले नाही. नोंद असावी, म्हणून येथे लिहिले आहे.

सुधीर त्या सकाळी बेगोनियाची रोपे घेऊन गेले होते. मे महिन्यातली अखेरची थंडी सरली की इथली माणसे आपापल्या थडग्यांवर फुले लावतात. इतक्या वर्षांत सुधीरांनाही ती सवय लागली होती. त्यांनी रोपे खाली ठेवली आणि ते नुसतेच उभे राहिले. संतापायलाही अंगात त्राण लागते, आणि आठवडाभर भिंगांच्या कारखान्यात डोळे शिणवल्यावर ते फारसे उरत नसे.

वेंडेल त्यांचे कोणी नव्हते आणि तरी होते. नगर जिल्ह्यातल्या बोरखडी गावात सुधीरांच्या खापरपणजोबांना पहिले अक्षर गिरवायला शिकवले ते वेंडेल यांनी. ते मूळचे या दफनभूमीच्याच गावातल्या विणकराचे पोर. ऐन पंचविशीत बायकोला घेऊन बोरखडीला गेले ते शुभवर्तमान सांगायला. प्रवचनाला कोणी बसत नाही, कीर्तनाला मात्र गाव लोटते, हे ध्यानात आल्यावर झांजा हातात घेऊन ते येशूचे कीर्तन करू लागले. ताल चुके. लोक पोट धरून हसत. हसू ओसरेपर्यंत वेंडेल थांबत आणि चुकलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू करत. दोन दशकांत मोजक्याच घरांनी बाप्तिस्मा घेतला; उजागरे त्यांतलेच एक घर. दुष्काळात त्यांनी कण्यांची पेज वाटली, तेव्हा रांगेत सगळे गाव होते. पाऊस पडल्यावर चर्चमध्ये पुन्हा तीच मोजकी घरे उरली. पटकीने बायको आणि दोन्ही मुले नेली. अखेर शरीर मोडल्यावर ते मायदेशी परतले, तर इथल्या मंडळींना ते चक्रम वाटू लागले, कारण चर्चच्या दाराशी ते जोडे काढून ठेवत. १८९१ साली गेले. दगडावर नावाखाली त्यांच्याच इच्छेनुसार मराठीत एक ओळ कोरलेली आहे : ‘बायको व लेकरे बोरखडीस ठेवून आला.’

ही ओळ आता मातीत तोंड खुपसून पडली होती.

ती तशी का पडली, हे समजण्यासाठी फेब्रुवारीत जायला हवे. त्या वर्षीचा मराठी भाषा दिन थडग्यापाशी साजरा करायचा, असे इथल्या मराठी मंडळाने ठरवले. अध्यक्ष गुरुदत्त हे सॉफ्टवेअरमधले, उत्साही गृहस्थ. हार, नारळ, हळदकुंकू, सारे व्यवस्थित आणले होते. शिवाय थर्मासमध्ये कोमट पाणी आणि दूध.

“सुधीरराव, तुमच्या पाद्रीबाबांना आज अभिषेक!”

“या थंडीत?”

“अहो, त्यांना कसली आलीय थंडी! भाव महत्त्वाचा. तुमच्यात चालतं ना?”

‘तुमच्यात’ हा शब्द सुधीर जन्मभर ऐकत आले होते. नगरला शेजारी म्हणत ‘तुमच्यात’, आणि येनाच्या चर्चमध्ये म्हणत ‘तुमच्याकडे’. कुठल्याच ‘आपल्यात’ त्यांना कोणी धरले नाही. वाद घालायचा कंटाळा आला होता. ते म्हणाले, “चालतं.”

अभिषेक झाला. दूध झाले, पाणी झाले, टाळ्या झाल्या. दगडाच्या पायथ्याशी चुना झिजून भेग पडली होती. सगळे पाणी तिच्यात मुरले. रात्री पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरला. गोठणारे पाणी फुगते, हे मंडळातल्या प्रत्येक अभियंत्याला शाळेपासून ठाऊक आहे. थंडी संपली की दफनभूमीचा माणूस प्रत्येक दगड हाताने ढकलून पाहतो. जो हलतो तो आडवा होतो, कोणाच्या अंगावर कोसळू नये म्हणून. वेंडेल यांचा दगड हलला.

“पाया नव्याने घालावा लागेल,” त्या माणसाने सुधीरांना सांगितले. “गवंडी नोव्हेंबरशिवाय मोकळा नाही. आणि सप्टेंबरअखेर गाडी येते, असे सुटे दगड नेते, रस्त्याच्या खडीसाठी.”

“मग?”

“आल्झो, म्हणजे असं बघा, आडवा दगड कोणावर पडत नाही. अक्षरं वर करून नीट बसवलात, तर ते थडगंच झालं. मग गाडी हात लावणार नाही. पण मशीन इथवर येत नाही, झाडांची मुळं आहेत. माणसं आणा.”

सुधीर गुरुदत्तांच्या घरी गेले. चहा आला, चिवडा आला.

“अभिषेकानं दगड फुटतो?” गुरुदत्त हसले. “मग आपल्याकडे एकही पिंड शाबूत राहिली नसती, साहेब!”

“आपल्याकडे पाणी गोठत नाही, गुरुदत्त.”

“हे बघा, मंडळाचं नाव यात नको. त्यापेक्षा आपण छान बोर्ड लावू. ‘मराठीचे जर्मन सेवक.’ चर्चच्या फ्राउ हार्टविगना कल्पना आवडलीय.”

चर्चच्या समितीप्रमुख फ्राउ हार्टविग यांना ती खरोखरच आवडली होती. ‘धर्मप्रसारक’ हा शब्द आजकाल लोकांना बोचतो, त्याऐवजी ‘भाषा-अभ्यासक’ लिहावे, असे त्या फार सौजन्याने म्हणाल्या होत्या. मंडळाला ख्रिस्त अवघड वाटत होता आणि चर्चलाही. त्या दोघांचे इतके एकमत सुधीरांनी प्रथमच पाहिले.

“पण ते धर्मप्रसारकच होते,” सुधीर गुरुदत्तांना म्हणाले. “भाषा त्यांना त्यासाठीच हवी होती. लिहिणारच असाल, तर जमलं नाही फारसं, तेही लिहा. दगडावर त्यांनी स्वतः सांगितलंय ते पुरे आहे. बोर्ड नको, चार माणसं द्या.”

“गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर,” गुरुदत्त म्हणाले, आणि चिवड्याची बशी पुढे सरकवली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सुधीरांनी मंडळाच्या ग्रुपवर आवाहन केले. वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली, दोघांनी हात जोडले, एकाने फुलांचा गुच्छही पाठवला. प्रत्यक्षात आल्या त्या फक्त त्यांच्या पत्नी, वीणा. दोघांनी दगडाखाली फळी सारून जोर लावला. दगडाची कड वीतभर उचलली, खालून ओल्या मातीचा वास आला, आणि सुधीरांच्या कमरेत कळ गेली. दगड होता तसा बसला.

वीणाबाई गवतात टेकल्या. “अहो, चौघं तर मेल्यावर कुणालाही मिळतात म्हणे. या माणसाला जाऊन सव्वाशे वर्षं झाली, याला अजून मिळेनात.”

सुधीरांनी कमरेवर हात ठेवून फळी बाजूला ओढली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना वजन उचलायला मनाई केली. त्यांनी ती निमूट मान्य केली. बोर्डाचा मजकूर मात्र तपासायला आला, तेव्हा त्याच्यावर सही केली नाही.

वाचकहो, गणपती विसर्जित झाले की मंडळाचे हात मोकळे होतील. शनिवार, १७ सप्टेंबर रोजी सकाळी दहा वाजता दफनभूमीच्या फाटकाशी किमान चौघांनी यावे. हार, नारळ, दूध आणू नये. जाड हातमोजे आणावेत. दगड उलटून त्याची अक्षरे वर करावीत. आणि फेब्रुवारीत पाणी कोणी ओतले, हे मंडळाने चर्चला लेखी कळवावे.